एकही स्क्रू नसलेलं सागवानी टेबल, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या काळी कचेरीत असायचं तसं लिहायचं टेबल बनवलं, निमुळते पाय, पुढे एक खण, सगळे सांधे कुसू आणि खाचेचे (कुसू म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक, ते दुसऱ्यातल्या खाचेत बसतं), स्क्रू नाही की खिळा नाही. आता कोकणातला अख्खा पावसाळा आणि थंडी रोज त्यावर काम करून झालीये म्हणून लिहितोय.

सांधे एक नंबर! लाकडी खुंटीसाठी पाडलेलं पायातलं भोक आणि कुसवातलं भोक मुद्दाम एका रेषेत ठेवलेलं नाही, कुसवातलं साधारण दीड मिलिमीटर खांद्याच्या, म्हणजे कुसवाच्या बुडाच्या, बाजूला सरकवलंय, त्यामुळे खुंटी ठोकली की ती कुसू आत खेचते आणि धरूनच ठेवते. युरोपात १७व्या शतकातली टेबलं अशीच जोडलेली आहेत, फेविकॉलशिवाय. सागाच्या अंगात तेल असतं, गोंद तसाही नीट धरत नाही, म्हणून मला हीच पद्धत जास्त पटली. आईचं शिलाई मशीन त्यावर चालतं, जरासुद्धा डुगडुगत नाही.

पण खरी गंमत वरच्या फळीत आहे. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. माझी फळी ऐन श्रावणात चारेक मिलिमीटर रुंद झाली आणि थंडीत परत बसली, तरी कुठे तडा नाही, कारण ती खालून आवळलेलीच नाही, फळीखालच्या आडव्या पट्टीच्या खाचेत अडकवलेले छोटे लाकडी गुटके तिला धरतात आणि ती आपली आत-बाहेर सरकते. मिस्त्री लोक घाईत फळी थेट स्क्रूने आवळून टाकतात आणि मग दोन वर्षांत ती मधोमध चिरते, हे बघून खरंच वाईट वाटतं, इतकं चांगलं लाकूड वाया जातं.

खण मात्र जुलैत अडकायचा. कडांना मेणबत्ती घासली, बरंच सुधारलं, तरी बाजूने थोडी जास्त फट हवीच होती असं माझं मत.

पॉलिश नाही, नुसतं जवसाचं तेल. चहाच्या कपाचे डाग पडतात, पुन्हा तेल चोळलं की बरेचसे जातात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, मोकळी पसरून वाळवा, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

वजन भरपूर आहे, उचलायला दोघं लागतात. आणि खुंट्या मारल्यावर पाय परत सुटत नाहीत, त्यामुळे दार आणि जिन्याचं वळण मोजूनच साईझ ठरवा.