उपग्रह जाळावा, समुद्रात पाडावा की वरच ठेवावा?

लहान उपग्रह बांधणाऱ्या गटाला आराखडा पक्का होण्याआधीच ठरवावं लागतं, की काम संपल्यावर याचं करायचं काय? आजवर ठरलेलं उत्तर होतं: खाली येऊ द्या, जळून जाईल. पण जळालेला धातू वरच्या हवेत राहतो हे आता मोजलं गेलंय, म्हणून पर्याय नव्याने तपासायला हवेत.

वरच्या विरळ हवेच्या घर्षणाने आपोआप खाली येऊ देणं सगळ्यांत स्वस्त. थ्रस्टर (कक्षा बदलणारं छोटं इंजिन) नको, इंधन नको, फक्त कक्षा नीट निवडायची. ४०० किमीवरचा छोटा उपग्रह साधारण वर्ष-दोन वर्षांत उतरतो. ८०० किमीच्या वर गेलात तर शंभर वर्षंही पुरत नाहीत. अमेरिकेच्या २०२२ च्या नियमानुसार काम संपल्यावर ५ वर्षांत उपग्रह खाली यायला हवा. सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. ते ६६० अंशांना वितळतं, म्हणून त्याचे तुकडे सहसा जमिनीवर पडत नाहीत. टायटॅनियमला १,६६८ अंश लागतात, त्यामुळे इंधनाच्या टाक्या बऱ्याचदा शाबूत खाली येतात.

गोम इथेच आहे. जितकं पूर्ण जळेल तितकी जमीन सुरक्षित, आणि तितकाच जास्त धातू वर उरतो. २०२४ च्या एका अभ्यासानुसार २५० किलोच्या उपग्रहातून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सुमारे ३० किलो अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ओझोनच्या थरापर्यंत उतरायला त्यांना ३० वर्षांपर्यंत लागू शकतात. त्याच प्रमाणात धरलं तर ४ किलोच्या उपग्रहाचे जवळपास अर्धा किलो. या कणांच्या पृष्ठभागावर निष्क्रिय क्लोरीन पुन्हा सक्रिय होतो आणि ओझोन फोडतो. कण स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून तेच काम वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. ही नुसती आकडेमोड नाही: अमेरिकी विमानाने सुमारे १९ किमी उंचीवर घेतलेल्या मोजणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध) तिथल्या हवेतल्या गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी साधारण १० टक्क्यांमध्ये उपग्रह-रॉकेटांचे धातू सापडले.

नियंत्रितपणे समुद्रात पाडणं महाग. इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा सुमारे १,००० किलोचा उपग्रह ७ मार्च २०२३ रोजी पॅसिफिकवर उतरवला. ८६७ किमीवरून कक्षा खाली आणायला ऑगस्ट २०२२ पासून २० वेळा थ्रस्टर चालवावे लागले, आणि टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरलं होतं म्हणूनच ते जमलं. फायदा माणसांना. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. तज्ज्ञांच्या मते ते चिनी रॉकेटचं होतं. असा प्रसंग टाळायचा तर हाच मार्ग. पण अनेकांचा समज चुकीचा आहे: सांगाड्याचं ॲल्युमिनियम समुद्रात पोचत नाही, ते इथेही वाटेतच वितळतं. हवेच्या दृष्टीने दोन्ही पर्यायांत फरक थोडाच.

सांगाडा लाकडाचा करण्याचा पर्याय मला आशेचा वाटतो, पण अपुरा. क्योतो विद्यापीठाचा १० सेंमीचा लाकडी उपग्रह लिग्नोसॅट डिसेंबर २०२४ मध्ये अवकाश स्थानकातून सोडला गेला. त्याच्या होनोकी (मॅग्नोलियाचा एक प्रकार) लाकडाच्या फळ्या स्क्रू किंवा गोंदाविना एकमेकींत बसवल्या आहेत. लाकूड जळून धातूचा धूर होत नाही. मात्र आतला ॲल्युमिनियमचा आधार, बॅटऱ्यांमधलं लिथियम, तारांमधलं तांबं तसंच राहतं.

वर ढकलून ठेवणं ३५,७८६ किमीवरच्या भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांना शोभतं, सुमारे ३०० किमी आणखी वर. खालच्या कक्षेत तो विचारच नको. तिथे टकरीने कचरा वाढतो.

तर निवड अशी: १० किलोच्या आतला उपग्रह असेल तर ४०० ते ५०० किमीची कक्षा घ्या आणि आपोआप उतरू द्या. उपग्रह मोठा असेल आणि कुणाला इजा होण्याची शक्यता १०,००० पैकी १ पेक्षा जास्त निघत असेल, तर नियंत्रित उतरणीचं इंधन सुरुवातीलाच राखून ठेवा, आयुष्याच्या शेवटी ते कुठून आणणार? अनेक उपग्रहांचा ताफा असेल तर आयुष्य वाढवा. तेवढ्याच वजनाचे उपग्रह ५ ऐवजी ८ वर्षं चालले, तर दरवर्षी जळणारं वजन ३७.५ टक्क्यांनी घटतं. हा फायदा लाकडी फळ्यांपेक्षा मोठा आहे. आणि वजनाच्या तक्त्यात एक रकाना आजच वाढवा: प्रत्येक भागात ॲल्युमिनियम, तांबं, लिथियम किती ग्रॅम. सांगाड्याच्या भिंती गरजेपेक्षा जाड ठेवल्या आहेत का, हे त्यात लगेच दिसतं.