शब्दकोशाचं अ‍ॅप: ‘रन’वरून केलेली पारख

इंग्रजी शब्दकोशाचं कुठलंही अ‍ॅप घेतलं की मी आधी ‘रन’ उघडते. दिसायला साधं पळणं, पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी २०११ च्या सुमारास या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले होते. कोश किती पाण्यात आहे, ते इथेच कळतं.

सुरुवातीला हे अ‍ॅप पास. नळ वाहतो, नाक गळतं, धुताना कपड्याचा रंग जातो, कुणी कंपनी चालवतं, कुणाच्या अंगात ताप असतो. सगळीकडे ‘रन’, आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाक्य दिलंय. निवडणुकीसाठी अमेरिकेत ‘रन’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, हा फरकही नीट दाखवलाय. (आपणही उभेच राहतो म्हणा!)

घोडं पेंड खातं ते जोडक्रियापदांपाशी. ‘रन ओव्हर’, ‘रन आउट ऑफ’, ‘रन इंटू’ हे सगळे एकाच परिच्छेदात कोंबलेत. त्यात ‘रन इंटू’ला फक्त ‘धडकणे’. मग ‘आय रॅन इंटू माय टीचर’ वाचून शिकणाऱ्याला वाटणार, बाईंना पाडलंच की यानं! बिचाऱ्या बाई नुसत्या अचानक भेटल्यात. शिवाय ‘रॅन’ शोधलं तर काहीच सापडत नाही, मूळ रूपच टाइप करावं लागतं. नवशिक्याला ते कुठून सुचणार?

उच्चार स्पष्ट ऐकू येतात. जाहिरातींचा मात्र वैताग आहे.

तीन तारे. ‘रॅन’ची सोय केलीत तर चौथा देईन.