एमजीबी जीटी, १९७३ : चौदा महिने, रोज ऑफिसला

सकाळी पावणेसातला किल्ली एक टप्पा फिरवली की मागच्या चाकाजवळून टकटकटक सुरू होतं. तो पेट्रोल पंप. दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या भरेस्तोवर तो घाईघाईने वाजतो, मग एकेक टक सावकाश पडते आणि आवाज थांबतो. थांबला की चोक पूर्ण ओढायचा, रेस अजिबात द्यायची नाही, आणि स्टार्टर मारायचा. इंजिनाने उचललं की चोक अर्ध्यावर, मैलभर गेल्यावर पूर्ण आत. आठवड्यातले चार दिवस माझी सकाळ अशी सुरू होते.

गाडी १९७३ची एमजीबी जीटी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. गडद लाल रंग, क्रोमचे बंपर, १७९८ सीसीचं इंजिन, चार गिअर आणि त्यावर ओव्हरड्राइव्ह. मी डिडकॉटला राहते, नोकरी ऑक्सफर्डला. जायला पंधरा मैल, यायला पंधरा. चौदा महिन्यांत सात हजार मैलांच्या आसपास झाले. एवढ्यात तीनदा कामावर उशिरा पोचले आणि एकदा गाडी टो करून घरी आणावी लागली. जुनी स्पोर्ट्स कार रोजच्या वापराला चालते का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. चालते. माझी तर रोज चालवल्यामुळेच सुधारली.

आधीच्या मालकांनी गाडी फार जपली होती. उन्हाळ्यातले काही रविवार सोडले तर ती गॅरेजमध्ये कापडाखाली असायची. वर्षाला जेमतेम तीन-चारशे मैल. घेताना मला ही जमेची बाजू वाटली. पहिल्या तीन महिन्यांत मात्र मागच्या ब्रेकचा एक सिलिंडर गळाला, क्लचच्या सिलिंडरचं रबर गेलं, पाण्याचा एक होस फुगला आणि पुढचा कार्ब्युरेटर पेट्रोल सांडू लागला. ही सगळी उभ्या गाडीची दुखणी. हालचाल नसली की रबर कडक होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि तो सिलिंडरला आतून गंजवतो. पेट्रोल शिळं झालं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं. एकेक भाग बदलला आणि चौथ्या महिन्यापासून गाडी रुळली. रोज अर्धा-पाऊण तास इंजिन पूर्ण तापतं, ऑइलमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं, ब्रेक रोज मोकळे होतात, टाकीत दर आठवड्याला ताजं पेट्रोल पडतं. कापडाखाली ठेवून या गाडीचं कुणी भलं करत नाही, हे माझं आता ठाम मत झालं आहे.

जाताना मी ए-३४ हा हायवे घेते. साउदॅम्प्टन बंदरातून वर मिडलंड्सकडे जाणारे मोठे ट्रक याच रस्त्याने जातात, आणि माझी गाडी त्यांच्या चाकांच्या उंचीची. इथे ओव्हरड्राइव्ह कामाला येतो. चौथ्या गिअरमध्ये ताशी साठ मैलांना इंजिन मिनिटाला साधारण ३३०० फेरे मारतं. ओव्हरड्राइव्ह टाकला की २७००वर येतं, आवाज एकदम खाली बसतो आणि शेजारी बसलेल्याशी बोलता येतं. रोज हायवेने जायचं असेल तर ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

येताना हायवे सोडते आणि अ‍ॅबिंग्डनमधून येते. १९२९पासून ऑक्टोबर १९८०पर्यंत एमजीचा कारखाना याच गावात होता. एमजीबी १९६२ साली आली, तिला पाठीमागे उघडणारं दार देणारी जीटी १९६५ साली, आणि दोन्ही मिळून पाच लाखांवर गाड्या इथून बाहेर पडल्या. कारखाना गेला, पण त्याच्या जुन्या गेटजवळच्या किंबर हाउसमध्ये एमजी कार क्लबचं ऑफिस आहे. माझी गाडी रोज संध्याकाळी माहेरावरून जाते. सिग्नलला उभी असते तेव्हा फुटपाथवरची म्हातारी माणसं थांबून बघतात. एक आजोबा एकदा काचेशी वाकून म्हणाले, याच्या सीट बसवायचं काम मी तरुणपणी केलंय. सिग्नल हिरवा झाला, नाव विचारायचं राहून गेलं.

त्या गावरस्त्यांवर ही गाडी कळते. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे पार्किंग करताना खांदे भरून येतात, पण तीस-चाळीसच्या वेगात वळणावर चाकाखालचा रस्ता ओला आहे की कोरडा, खडी आहे की गुळगुळीत, हे थेट तळहाताला समजतं. पिकअप आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षा कमी आहे. मला त्याने फरक पडला नाही. तिसऱ्या गिअरमधून निघताना सायलेन्सरचा जो खर्जातला आवाज येतो त्यासाठी मी कधी कधी सरळ रस्ता सोडून लांबून येते.

आता पंपाची गोष्ट. नोव्हेंबरची संध्याकाळ, पाऊस, हिंक्सी हिलच्या चौकात रांगेत उभी होते आणि इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. किल्ली फिरवली. दिवे लागले, स्टार्टर फिरला, पण मागून टकटक नाही. रोज ऐकते म्हणूनच दुखणं तिथल्या तिथे कळलं. खाली उतरले, उजव्या मागच्या चाकापुढे हात घातला आणि चाकाच्या पान्याने पंपावर दोन हलके ठोके दिले. लगेच टकटक सुरू. आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे ठिपके, झिजून चिकटले होते. पुढच्या आठवड्यात पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेला तसाच पंप बसवला. सुदैवाने त्याचीही टकटक तशीच येते.

टो करावी लागली ती त्याच्याही आधी, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधला कंडेन्सर गेल्यामुळे. नवा म्हणून बसवलेला भाग तीन आठवड्यांत मेला. तेव्हापासून डिस्ट्रिब्यूटरच्या आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, बाहेरून काही दिसत नाही, आणि जुनी पॉइंटची प्लेट सेट करून डिकीत ठेवली आहे. हेडलाइटला रिले घातले. पूर्वी सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून जायचा, बटण गरम व्हायचं आणि उजेड पिवळट पडायचा. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढून बारा व्होल्टची एक बसवली. रोज वापरायची तर एवढे बदल करावेतच. मूळपणाचा हट्ट प्रदर्शनातल्या गाडीसाठी ठेवावा.

हिवाळा ही खरी परीक्षा. हीटर आहे, पण तो पाय गरम करतो आणि काच तशीच धुरकट ठेवतो, किंवा उलट. ओला कोट घालून आत बसलं की पाच मिनिटांत काचेवर दव. मी दारात मऊ फडकं ठेवते. ते सोसता येतं. मिठाचं तसं नाही. बर्फ धरू नये म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात, आणि या गाडीला वेगळी चॅसी नाही. दाराखालच्या सिलच गाडीला उभं धरतात. त्या आतून कुजल्या की बाहेरचा रंग चकचकीत राहतो आणि जॅक लावला की पत्रा मुडपतो. म्हणून ऑक्टोबरात सिलच्या पोकळीत गरम मेणाचा फवारा मारून घेतला, आणि मीठ पडलेल्या प्रत्येक आठवड्याच्या शेवटी खालून पाण्याने धुतली. कडाक्याचे बारा-पंधरा दिवस नवऱ्याची गाडी नेली. त्यात मला काही वाईट वाटलं नाही.

मे महिन्यात अण्णा साताऱ्याहून आले. अण्णा तीस वर्षं सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते, त्यातली बरीच अँबॅसेडरवर. मी बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं. ते कान देऊन ऐकत राहिले, मग खाली वाकले, टॅपेट कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरी, हे तर आपल्या अँबॅसेडरचंच हाय की!" आणि ते खरं आहे. अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं तेही बी-सीरिज या ब्रिटिश इंजिनांच्या कुटुंबातलंच, माझं १७९८ सीसीचं त्याचं मोठं भावंड. लहानपणी कलेक्टर कचेरीबाहेर ज्या आवाजाने अण्णा आले हे कळायचं, तोच आवाज मी डिडकॉटमध्ये रोज सुरू करत होते आणि मला ओळखू आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, त्यांनी टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवायला लावली. "गॅप किती?" पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, मी सांगितलं. प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि मी मागून हळूहळू ढकलत होते. व्हॉल्व्ह आठ. जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नवातून वजा करायचा, उरेल त्या नंबरचा गॅप बघायचा. आठवा दाबला तर पहिला, सहावा दाबला तर तिसरा. हा हिशेब मी मॅन्युअलमधून शिकले होते. अण्णांना तो कुणा उस्तादाने चाळीस वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये शिकवला होता. मी केलेल्या आठपैकी पाच त्यांना पसंत पडले नाहीत. त्यांनी माझं बोट गेजवर ठेवलं. "लई सैल बी नको, लई आवळ बी नको. गेज सरकताना कुणी बोट धरून ठिवल्यागत वाटलं पायजे." मग नट आवळताना स्क्रू कसा जरासा फिरतो, म्हणून तो आधीच किती मागे धरायचा, हे तीन-तीनदा करून दाखवलं. संध्याकाळी गाडी सुरू केली तर स्लोवर इतकी शांत उभी की चार्जिंगच्या दिव्याकडे बघून ती चालू असल्याची खात्री केली. आता दर तीन हजार मैलांना ऑइल बदलते तेव्हा टॅपेटही बघते. सव्वाचार लिटर २०डब्ल्यू५० ऑइल, फिल्टर, आणि पुढच्या चाकांच्या मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन निप्पलमध्ये ग्रीस. ग्रीस चुकवलं तर स्टिअरिंग जड होतं आणि पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन झिजतात. एका शनिवारची सकाळ जाते. मला ती सकाळ आवडते.

खर्चाचं थोडक्यात. चाळीस वर्षांवरची गाडी ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वर्गात नोंदवता येते. रोड टॅक्स शून्य, आणि लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लागणारं यूलेझचं शुल्कही नाही. मे २०१८पासून अशा गाड्यांना एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते बघणारी तपासणीही सक्तीची नाही. मी ती दरवर्षी करून घेते. साठच्या वेगाने ट्रकांमध्ये चालवायची गाडी तिऱ्हाइताने वर उचलून खालून बघायलाच हवी. विम्याबद्दल सावध राहा: क्लासिक गाडीच्या स्वस्त पॉलिसीत वर्षाचे मैल मोजून दिलेले असतात आणि नोकरीला जाणं-येणं बहुतेकदा त्यात धरलेलं नसतं. ते स्पष्ट सांगून घालून घ्यावं लागतं. गॅलनला सत्तावीस मैल मिळतात, म्हणजे लिटरला साडेनऊ किलोमीटर. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालं. ते जुन्या रबराला आणि धातूला मानवत नाही, म्हणून मी महागाचं ई-५ भरते आणि नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घातल्या आहेत. सुटे भाग मात्र हवे ते मिळतात. १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी बॉडीसुद्धा पुन्हा बनू लागली. इतक्या जुन्या गाडीचा वायपरचा गिअर दुसऱ्या दिवशी पोस्टाने घरी येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दारात आधाराचे दांडे नाहीत, मागची सीट नावालाच आहे आणि तिला पट्टे नाहीत. मुलीला मी या गाडीतून शाळेत नेत नाही, ए-३४वर तर कधीच नाही. मी एकटी असताना पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवते. त्या जागेत कुणी ना कुणी घुसतंच. मग पुन्हा मागे सरते.

घ्यायचा विचार असेल तर जीटीच बघा. छप्पर कापडी नसल्यामुळे पाऊस आणि थंडी सोसते, मागची सीट आडवी केली की वीस किलो तांदळाचं पोतं, भाजी आणि लॅपटॉपची बॅग आरामात मावते. यंदाचा गणपतीही आम्ही त्यातूनच आणला, मूर्ती माझ्या नवऱ्याच्या मांडीवर आणि मखर मागे. बघायला जाताना एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या आणि सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. बॉनेटवर हात ठेवा, मग किल्ली एकच टप्पा फिरवायला सांगा, आणि मागचं टकटक किती वेळात थांबतं ते मोजा. थांबलंच नाही तर एकतर कार्ब्युरेटर सांडतोय, नाहीतर टाकी रिकामी आहे.