एकच टाइप-सी चार्जर, बरेच महिने: काय जमलं, काय खटकलं

६५ वॉटचा एक गॅन चार्जर, त्याला दोन टाइप-सी आणि एक जुना टाइप-ए पोर्ट, सोबत दोन केबल्स. लॅपटॉप, फोन, टॅबलेट, इअरबड्स सगळं आता यावरच चालतं. कामावर आणि प्रवासात रोज वापरून झाल्यावर हे लिहितेय. चार्जरवर मी खूश आहे. माझी तक्रार आहे ती केबल्सबद्दल, आणि तिथे सरकारी नियमांनी अजून एक पाऊल पुढे टाकायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी चार्जरचं. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. त्याचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनपेक्षा जास्त वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. लॅपटॉपसोबत आलेल्या जड ठोकळ्याच्या तुलनेत हा मुठीत मावतो. दोन पोर्ट पूर्ण भाराने चालू असले की चांगलाच तापतो, पण हात लावता येणार नाही इतका नाही. उशी-पांघरुणाखाली मात्र ठेवू नका, गरम हवेला वाट हवी.

खरेदीआधी कोणी सांगत नाही ती गोष्ट पुढची. लॅपटॉप चार्ज होत असताना दुसऱ्या पोर्टला फोन लावला की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं, स्क्रीन किंचित मंद होते आणि मग पुन्हा सुरू होतं. हा बिघाड नाही. चार्जर दोन्ही उपकरणांशी नव्याने बोलणी करून वीज वाटून देतो: लॅपटॉपला ४५ वॉट, फोनला २०. गंमत म्हणजे फोन पूर्ण भरला तरी केबल लावलेली असेपर्यंत हे २० वॉट अडकूनच राहतात. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम चालू असेल तर ४५ वॉट पुरत नाहीत. प्लग लावलेला असूनही बॅटरीचे टक्के हळूहळू उतरतात. आणि लॅपटॉपला वीज हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीतून) जात असेल, त्याच हबला हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर त्या क्षणभराच्या खंडात डिस्क सुटू शकते. माझी एक मोठी फाइल अशीच अर्धवट कॉपी झाली. डेटा हलवत असताना दुसऱ्या पोर्टला हात लावायचा नाही, हे आता अंगवळणी पडलंय.

आता केबल. माझ्या दोन्ही केबल्स शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतील. एक २४० वॉटपर्यंत वीज नेते, पण डेटाचा वेग सेकंदाला फक्त ४८० मेगाबिट. दुसरी आखूड, डेटा झपाट्याने नेते, पण ६० वॉटच्या पुढे जात नाही, कारण ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहासाठी केबलमधल्या ओळख पटवणाऱ्या चिपने तशी क्षमता सांगावी लागते आणि हिची चिप ३ अँपिअरच सांगते. महागडी, जाडजूड केबल म्हणजे सगळ्यात वेगवान असं आपण धरून चालतो, ते इथे साफ खोटं ठरतं. केबलवर काहीही छापलेलं नाही. शेवटी एकीला लाल टेप गुंडाळली.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांना टाइप-सी सक्तीचं केलं, लॅपटॉपसाठी मुदत २८ एप्रिल २०२६ ठरवली. अशा नियमाने नवे शोध खुंटतील असं ॲपलचं म्हणणं होतं. पण २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सीसह आला आणि त्याचा फायदा युरोपबाहेरच्या ग्राहकांनाही झाला. याच नियमात वेगवान चार्जिंगसाठी यूएसबी पॉवर डिलिव्हरी (सगळ्या कंपन्यांना सामाईक अशी चार्जिंगची पद्धत) द्यावीच लागेल अशीही अट आहे. कंपनीने स्वतःचं तंत्र जरूर द्यावं, पण ते याच्या जोडीला. मला हा भाग पोर्टच्या आकाराइतकाच मोलाचा वाटतो. केबलवरच्या खुणांचं काय? ६० आणि २४० वॉटची चिन्हं यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्येच आणली, पण प्रमाणपत्र घेणं ऐच्छिक आहे, म्हणून बिनखुणेच्या केबल्स सर्रास विकल्या जातात. वॉट आणि वेग हे दोन आकडे प्लगवर छापणं सगळीकडे बंधनकारक व्हायला हवं. याला खर्च तो किती येणार?

विमानप्रवासात या चार्जरचा उपयोग वाढलाय. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंतच सहज चालते (२०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४, तेव्हा चिंता नाही). जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवर असतानाच पेटलं, संशय पॉवर बँकेवर गेला, आणि तिथे डोक्यावरच्या कप्प्यात ती ठेवायला बंदी आली. सिंगापूर एअरलाइन्सने त्याच वर्षी एप्रिलपासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबरपासून उड्डाणात पॉवर बँक वापरणंच थांबवलं. मला हे पटतं. कप्प्यात धुमसणारी बॅटरी उशिरा लक्षात येते. पण मग सीटजवळचे सॉकेट तरी नीट चालले पाहिजेत, आणि ते बऱ्याचदा इतके सैल असतात की चार्जर स्वतःच्या वजनानेच बाहेर येतो.

घेणार असाल तर दोन उपकरणं एकदम लावल्यावर कोणत्या पोर्टला किती वॉट मिळतात, तो तक्ता खोक्यावर आधी वाचा. सॅमसंगचा फोन असेल तर पीपीएस (फोनच्या मागणीप्रमाणे व्होल्टेज थोडं थोडं बदलण्याची सोय) लिहिलंय का तेही बघा, नाहीतर फोन पूर्ण वेगाने चार्ज होत नाही. जड काम करणाऱ्यांनी सरळ १०० वॉटचा घ्यावा.