नव्या बजीला राळे-बाजरी की पेलेट?

सोलापुरात मूठभर राळे किंवा बाजरी कुठल्याही किराणा दुकानात मिळते. बजी म्हणजे छोटा पाळीव पोपट, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथे गवताच्या बिया खाऊनच जगणारा, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तो दाणे टिपतो. घाबरलेल्या नव्या पाखराने काहीतरी खाणं हेच आधी महत्त्वाचं. पण नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. शिवाय एक फसगत: बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, पाखरू मात्र उपाशी! आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात हे झालं. आता रोज सकाळी मी वाटीवर हलकी फुंकर मारते. टरफलं उडाली की खाली किती दाणे उरलेत ते कळतं.

पेलेट म्हणजे पक्ष्यांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या बारीक गोळ्या; त्यांत पोषण तोलून घातलेलं असतं, निवडून खायला वाव नाही. मात्र महाग, आणि नवा बजी त्याला अन्न म्हणून ओळखतच नाही. दाणे एकदम बंद करू नका, जीवावर बेतेल. थोडं थोडं मिसळत काही आठवडे द्या.

माझं मत: सुरुवात दाण्यांनीच, जोडीला मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर आणि कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला अडकवलेला समुद्रफेस (समुद्री जीवाचं पांढरं, ठिसूळ कवच). पेलेट मागाहून. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चिरलेली भाजी तासा-दोन तासांत काढून टाका, पाणी दोनदा बदला. अवोकाडो, चॉकलेट अजिबात नको.

आणि हो, आपला हिरवा रानपोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो आणू नका.