कोंबडी न मानवणाऱ्या फेरेटसाठी सशाचा खिमा: काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) कच्च्या मांसावर आहे आणि तरीही त्याचं पोट सारखं बिघडतंय, त्यांना आधीच सांगते: एकाच प्राण्याच्या मांसाचा गोठवलेला खिमा उपयोगी पडतो. आमच्या बाजीला तर फारच पडला. फक्त 'एकाच प्राण्याचा' म्हणजे मांस, हाड, कलेजी सगळं त्याच प्राण्याचं हवं, आणि ते पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही.

आम्ही इंग्लंडात, लीड्सला राहतो. घरात दोन फेरेट, बाजी आणि जाई. व्हिडिओ कॉलवर पुण्याची मंडळी 'मुंगूस पाळलंय का गं?' विचारतात. मुंगसाचा आणि याचा संबंध नाही. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाळवून फेरेट झाला. पक्का मांसाहारी प्राणी. आतडं आखूड, त्याला अंधांत्रच (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नाही, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. त्यामुळे धान्य-भाजी त्याच्या कामाची नाही, आणि त्यामुळेच काय मानवलं नाही ते शीच्या ट्रेमध्ये लगेच दिसतं.

दोघांचा मुख्य आहार कोंबडीच होता. जाई त्यावर गुटगुटीत. बाजीची शी मात्र कधी बाजरीसारख्या दाण्यांची, कधी हिरवट, आणि बरोबर आव. जेवून झालं की कोपऱ्यात जाऊन दात खात बसायचा. फेरेट असा दात खायला लागला की बहुतेक वेळा त्याला मळमळत असतं किंवा पोटात दुखत असतं.

आहाराला हात लावण्याआधी आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. हीच लक्षणं हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूमुळे दिसतात, जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीमुळे दिसतात, आतड्याच्या जुनाट सुजेतही दिसतात. वयाची तीन वर्षं उलटलेल्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाच्या गाठी बऱ्याच आढळतात. त्यात रक्तातली साखर उतरते, लाळ गळते, तो तोंडावर पंजे मारतो. बाजीची शी तपासली, साखर तपासली, सोनोग्राफी झाली. सूज नक्की आहे का ते बायोप्सीनेच ठरतं. ती पुढे ठेवून डॉक्टर म्हणाले, आधी एकच नवं मांस काही आठवडे देऊन बघा. शी काळी, डांबरासारखी दिसली तर मात्र आतून रक्तस्राव होत असू शकतो, तेव्हा प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता पाकिटांबद्दल. इथे 80:10:10 या प्रमाणाचा खिमा सहज मिळतो: ऐंशी भाग मांस, दहा भाग हाड, दहा भाग कलेजी वगैरे. एका पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'बीफ' लिहिलेलं, आणि मागे बारीक अक्षरांत हाडाच्या जागी कोंबडीचा सापळा. कोंबडीचं हाड स्वस्त आणि मऊ, म्हणून ते सर्रास घालतात. बेकायदा नाही, पण कोंबडी टाळणाऱ्या माणसाची ही सरळ दिशाभूल आहे आणि मला तिचा राग येतो. आम्ही सशाचा घेतला तो निर्मात्याला ईमेल करून, हाड आणि कलेजी कोणाची हे लेखी विचारूनच. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचं पाकीट घरात आलं नाही.

बाजीने पहिल्यांदा वाटीकडे पाठच फिरवली. फेरेट लहानपणी, पहिल्या काही महिन्यांत, जे वास ओळखतो तेच त्याच्या लेखी अन्न. त्याला आमिष म्हणून कोंबडी मिसळता येत नव्हती, नाहीतर सगळ्यावर पाणी. सशाचीच हाडं उकळून, गाळून ते कोमट पाणी खिम्यावर ओतलं आणि बोटाने थोडं ओठांना लावलं. (उकळलेली हाडं फेकून द्यायची, ती तडकून टोकदार होतात.) हट्ट करून उपाशी मात्र ठेवायचं नाही, या प्राण्याला लंघन झेपत नाही.

खरी अडचण जाईची झाली. फेरेट अन्न लपवून ठेवतात. सोफा सरकवला तर मागे तिने साठवलेले कोंबडीच्या मानेचे तुकडे, सुकून कडक झालेले, आणि बाजी त्यांचा वास काढत शेजारीच. तेव्हापासून दोघं आपापल्या पिंजऱ्यात जेवतात आणि उरलेलं उचलल्यावरच दारं उघडतात. दोन फेरेट असलेल्या घरात हे पाळलं नाही तर महिनाभराची मेहनत मातीत जाते.

आव आधी थांबली, दात खाणं नंतर. केसांवर तकाकी यायला बरेच आठवडे लागले. मग डॉक्टरांना विचारून थोडी कोंबडी पुन्हा दिली. दुसऱ्याच दिवशी ट्रेमध्ये आव. थोडे दिवस थांबून परत दिली, तर परत तेच. एवढी पडताळणी केल्याशिवाय मी कोंबडीला दोष दिला नसता, कारण नुसता चरबी-कलेजीचा अतिरेकही असंच पोट बिघडवतो.

सशाचा एक दोष आहे: मांस फार रोड. वसंतात बाजीचं वजन उतरलं. फेरेटचं वजन ऋतूप्रमाणे बदलतंच, पण पाठीचा कणा हाताला टोचायला लागला तेव्हा मी ते ऋतूवर सोडलं नाही. पोट स्थिर होतं, म्हणून मेंढीचं हृदय आणि थोडी मेंढीची चरबी सुरू केली, एका वेळी एकच गोष्ट. हृदयात टॉरिन हे मांसाहारी प्राण्यांना लागणारं पोषकद्रव्य भरपूर असतं, तोही फायदा. यॉर्कशरमध्ये फेरेट घेऊन सशांची शिकार करणारे जुने लोक अजून आहेत, त्यांच्याकडून अख्खे ससे मिळतात. तिथेही जाळ्यात धरलेलेच घेते. छऱ्यांनी मारलेल्या सशात शिशाचे कण राहू शकतात.

खर्च आमच्याकडे कोंबडीच्या जवळपास दुप्पट झाला. कच्च्या मांसात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, त्यामुळे वाटी, सुरी, पाट वेगळे, फ्रीजरचा खणही वेगळा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, हे मी आग्रहाने सांगेन.

पुढचं मांस म्हणून टर्की या पक्ष्याचं सुचवणारे बरेच भेटले. मी देणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनमधलं एक मांजर टर्कीच्या कच्च्या गोठवलेल्या खाद्यातून बर्ड फ्लू होऊन मेलं. गोठवल्याने तो विषाणू मरत नाही, आणि फेरेटला फ्लू इतका सहज होतो की 1933 मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू याच प्राण्याच्या साहाय्याने वेगळा केला गेला. जाईचा कोंबडीचा खिमाही म्हणूनच हळूहळू कमी करतेय. ससा आणि मेंढी बाजीला मानवतात. तिसरं मांस डुकराचं असेल, शिफारस डॉक्टरांचीच आहे, पण हाड कोणाचं हे निर्मात्याकडून लेखी आल्यावरच.