सहावी ते आठवीच्या मुलांचा वाचन-लेखन वर्ग, घालावं का?

लेकीला उन्हाळ्यात आमच्या भागातल्या वाचन-लेखन वर्गाला घातलं, विषय स्वातंत्र्य आणि लोकशाही, म्हटलं झालं, पुन्हा नागरिकशास्त्राची घोकंपट्टी. पण तसं नाहीये. सुरुवातीलाच मुक्ता साळवेंचा १८५५ चा निबंध वाचायला दिला, फुल्यांच्या शाळेतली मुलगी मांग-महारांच्या दुःखाबद्दल रोखठोक लिहिते आणि ते ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकामधे छापून येतं, पोरं गपगार! मग प्रत्येकाने आपल्याला काय खटकतं ते लिहायचं आणि बाजूला बसलेल्याने ते खोडून काढायचं, चिडवाचिडवी नाही, कारणं द्यायची, हे मला फार आवडलं. सोसायटीतलं क्रिकेट बंद केलं म्हणून आमच्या लेकबाईंनी चेअरमनना अर्ज लिहिला, त्यात थेट संविधानातलं स्वातंत्र्याचं कलम १९ 😄 (ते तिथे लागू होतं का ते सोडा).

तक्रार म्हणजे एका बॅचमधे मुलं फार कोंबलीत, वह्या तपासून यायला उशीर होतो, आणि संविधानाची प्रास्ताविका आली की शिकवणाऱ्या ताई भाषणच ठोकतात. फी पण जरा जास्तच. तरी पोरांनी स्वतःच्या डोक्याने लिहावं असं वाटत असेल तर घाला बिनधास्त. सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी पार्किंगची बोंब आहे.